पाण्यावरची शेगडी

थंडी म्हणजे काय, हे ग्वाल्हेरकरांस कोणी शिकवावयास नको. पौषातल्या रात्री लष्करमधल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती असा काही गारठा सोडतात की, दोन रजयांखालीही पाय उबत नाहीत. आमच्या लहानपणी घरोघरी कोळशाची शेगडी असे. तिच्याभोवती सारे घर जमे. हात शेकावेत, शेंगा भाजाव्यात, गप्पा माराव्यात. परंतु निजानीज होण्यापूर्वी आजी ती शेगडी स्वतः उचलून ओसरीवर नेऊन ठेवी. आम्ही कितीही विनवले तरी तिचे उत्तर ठरलेले, "निखारा आणि निजलेलं माणूस एका खोलीत ठेवू नये." त्यामागचे रसायनशास्त्र तिला ठाऊक नव्हते. आम्हांस ते शाळेत कळले. पण तिच्या त्या नियमाची खरी किंमत कळावयास मात्र इंग्लंडमधल्या एका लहानशा मोटरबोटीत जावे लागले.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस सौ.सह आम्ही चिरंजिवांकडे नॉरिच येथे गेलो होतो. नॉरिच हे इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉर्फोक परगण्याचे मुख्य शहर. तेथून समुद्राच्या दिशेने निघाले की 'ब्रॉड्स' नावाचा सखल, पाणथळ प्रदेश लागतो. ब्यूर, अँट, थर्न, येअर, वेव्हनी या संथ नद्या आणि त्यांच्या आधाराने पसरलेली उथळ तळी मिळून सुमारे २०० किलोमीटरचा जलमार्ग येथे झाला आहे. दोन्ही तीरांवर पुरुषभर उंचीचे बोरूचे रान, मधूनच शेतातले पाणी उपसण्यासाठी पूर्वी बांधलेली एखादी पवनचक्की, आणि वर अफाट आकाश. डोंगर म्हणून दृष्टीस पडत नाही. ज्यांचे बालपण किल्ल्याच्या कड्याकडे पाहत गेले, त्या आम्हांस हा सपाटपणा प्रथम चमत्कारिकच वाटला.

ही तळी निसर्गाने निर्मिली, असाच पुष्कळ काळ समज होता. १९५० नंतरच्या दशकात जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ विदुषीने ठिकठिकाणी जमिनीत छिद्रे घेऊन पाहणी केली, तेव्हा तळ्यांचे काठ उताराचे नसून सरळ उभे कापलेले आढळले. तळी कसली, त्या मध्ययुगातल्या खाणीच होत्या! दलदलीत शतकानुशतके साचून घट्ट झालेल्या वनस्पतींच्या थराला तिकडे पीट म्हणतात. तो विटांसारखा कापून वाळवला म्हणजे आपल्या गोवरीप्रमाणे जळतो. लाकडाची वाण असलेल्या या मुलखातील लोकांनी चुलीसाठी तो पिढ्यान् पिढ्या खणून काढला. पुढे समुद्राची पातळी चढली, खड्ड्यांत पाणी शिरले आणि त्यांची तळी झाली. आज जेथे हौशी लोक नौकाविहार करतात, ते पाणी मुळात उबेच्या शोधात निघालेल्या माणसाने खणलेल्या खड्ड्यांतले आहे.

त्याच शोधात आम्हीही निघालो. चिरंजिवांनी एक जुनी, आठ मीटर लांबीची मोटरबोट घेतली होती. आत झोपावयास चार फळ्या, एक स्वयंपाकाचा कोपरा, उन्हाळ्यात मौज. परंतु ऑक्टोबर उलटला की काचांवरून आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ येत आणि अंथरुणे दमट होत. स्वयंपाकाचा गॅस पेटवून ऊब आणण्याचा मोह अनेकांस होतो. पण बंद जागेत तो घातकच. म्हणून डिझेलवर चालणारा हीटर आणला होता. कारागीर न बोलावता तो आपणच बसवावयाचा, असा बेत ठरला. आमचे सारे आयुष्य रेल्वेच्या कारखान्यात गेले, तेव्हा नाही म्हणणे अशक्यच होते.

यंत्र पाहावे तर पावाच्या मोठ्या लादीएवढे. लांब पल्ल्याच्या मालमोटारींतही याच जातीचे हीटर असतात. शक्ती दोन किलोवॅट. टाकीतून एक छोटा पंप थेंबाथेंबाने डिझेल पुरवतो, बारा व्होल्टच्या बॅटरीवर एक सळई तापून ते पेटवते, आणि पूर्ण जोरात चालवूनही तासाला पाव लिटर इंधन पुरते. यातली मुख्य गोष्ट अशी की, यात दोन हवा असतात आणि त्यांची गाठ कधीही पडता कामा नये. एक ज्वलनाची हवा. ती आत जाते आणि धूर होऊन पोलादी नळीवाटे नौकेच्या बाहेर पडते. दुसरी केबिनची हवा. ती तापलेल्या धातूच्या बाहेरून वाहते, ऊब घेते आणि आपल्याकडे येते. मध्ये केवळ धातूचा एक पडदा आणि नळीचे काही सांधे.

नळीसाठी नौकेच्या बाजूस भोक पाडावे लागते. तरंगत्या वस्तूला आपल्या हातांनी छिद्र पाडणे हा प्रसंग मोठा बिकट. पाण्याच्या रेषेपासून उंची पाच वेळा मोजली. लाट आत शिरू नये म्हणून नळीला हंसाच्या मानेसारखे वळण दिले. ती फार तापते म्हणून तिच्यावर उष्णतारोधक वेष्टण चढवले. शेजारच्या बोटीवरील एक वृद्ध गृहस्थ आमची धडपड पाहत होते. त्यांनी सांगितले की, २०१३ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुटीत, विंडरमियर सरोवरावरील एका बोटीत आई आणि तिची दहा वर्षांची मुलगी कार्बन मोनॉक्साइडने मृत्युमुखी पडल्या. विजेच्या जनित्राला घरच्या घरी जोडलेली धुराची नळी सुटली होती. १ एप्रिल २०१९ पासून तर राहण्याची सोय असलेल्या बोटींवर या वायूची सूचना देणारे यंत्र असणे तिकडे सक्तीचे झाले आहे. आमच्या केबिनमध्येही ते होतेच. आम्ही मान डोलावली आणि कामास लागलो.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी कळ दाबली. इंधनाच्या नळीत हवा असल्याने दोनदा यंत्र पेटलेच नाही. तिसऱ्या खेपेस पंपाची टकटक स्थिर झाली आणि केबिनमध्ये ऊन वारा आला. सौ.नी टाळ्याच वाजवल्या. थोडा जळका वास येत होता. चिरंजीव म्हणाले, "बाबा, पुस्तकात लिहिलंय, नवं वेष्टण आहे, पहिल्यांदा वास येतोच." आम्हांसही ते पटले. इतक्यात सूनबाईंचे लक्ष भिंतीकडे गेले. त्या सूचक यंत्रावर शून्य असावयास हवे, तेथे ४० चा आकडा होता; पाहता पाहता तो ६० झाला.

यंत्र बंद केले, दारे-खिडक्या उघडल्या, आणि चौघेही काठावर जाऊन थंडीत उभे राहिलो. वायू विरल्यावर शोध घेतला. मागच्या कप्प्यातील सांध्यावरची क्लिप पुरती आवळलेली नव्हती. ती बसवणारे हात आमचेच होते; चाळीस वर्षे दुसऱ्यांचे सांधे तपासणारे हात! भरीस भर म्हणजे केबिनची हवाही आम्ही त्याच कप्प्यातून ओढली होती, त्यामुळे गळलेला धूर थेट बिछान्यांपर्यंत पोहोचत होता. वासाला सबब होती म्हणून आम्ही फसलो. खऱ्या विषाला तर वासच नसतो. ती रात्र आम्ही घरी, फार न बोलता काढली.

सकाळी सांधे उष्णता सोसणारा लेप लावून पुन्हा आवळले, हवेची नळी केबिनमधूनच घेतली, आणि एका जाणत्या कारागिरास बोलावून सारे तपासून घेतले. आदल्या दिवशी वाचवलेली मजुरी अशी आनंदाने दिली. त्यानंतर दोन तास आकडा शून्यावरून हलला नाही.

त्या शनिवारी ब्यूर नदीवरील हॉर्निंगहून निघून रॅनवर्थच्या काठी मुक्काम केला. बाहेर धुके, बोरूतून पाणपक्ष्यांचे आवाज, आत चहा आणि ऊब. निजण्यापूर्वी आम्ही डेकवर गेलो. नौकेच्या बाजूच्या त्या भोकातून निघणारा फिकट धूर काळ्या पाण्यावर विरत होता. आजीची शेगडी ओसरीवर ठेवलेली होती. तरीही आत येऊन, दिवा मालवण्यापूर्वी, त्या यंत्रावरचे शून्य आम्ही पुन्हा एकदा पाहिले.