राजगड-तोरणा : दोन डोंगर व त्यांची नावे

आमच्या कामथडीपासून पश्चिमेस नसरापूर ओलांडून मार्गासनीच्या वाटेस लागले, म्हणजे राजगड व तोरणा यांच्या मुलखात आपला प्रवेश होतो. सह्याद्रीच्या कण्यापासून पूर्वेकडे जे फाटे फुटले आहेत, त्यांपैकी एकावर हे दोन गड शेजारी बसले आहेत. तोरण्याची उंची १४०३ मीटर, म्हणजे सुमारे ४६०० फूट. राजगड त्याहून किंचित ठेंगणा. तोरण्याची बुधला माची व राजगडाची संजीवनी माची यांस डोंगराची एक लांब सोंड जोडते. धट्टेकट्टे तरुण तिच्यावरून एका दिवसात एका गडावरून दुसऱ्यावर जातात. आम्हीही एकदा गेलो होतो. पण तेव्हा गुडघे आमचे ऐकत असत.

राजगडाचे जुने नाव मुरुंबदेवाचा डोंगर. शिवाजीमहाराजांनी त्यावर गड उभारून त्यास राजगड म्हटले, आणि रायगडास जाईपर्यंत सुमारे पाव शतक तेथूनच राज्य चालविले. त्याच्या तीन माच्यांपैकी पद्मावती ही देवीची. उरलेल्या दोन, सुवेळा व संजीवनी, यांची नावे ऐकताच संस्कृत शिकलेल्या माणसास युद्धकांड आठवावे. लंका न्याहाळण्यासाठी रामचंद्र ज्या पर्वतावर चढले तो सुवेल, आणि लक्ष्मणासाठी आणिली ती संजीवनी. नाव ठेवणाऱ्याच्या मनात रामकथा घोळत असावी, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

आल्प्स पर्वतातील मोंब्लां शिखरावर मनुष्य प्रथम १७८६ साली पोचला, हे आम्ही भूगोलाच्या तासास सांगत असू. आमच्या डोंगरांवर 'प्रथम' कोण चढले, हे कोण सांगणार? गुराखी रोज चढतो, त्याची नोंद होत नाही. शत्रू चढला की तारीख पडते. १७०४ च्या फेब्रुवारीत वेढा घालून औरंगजेबाने राजगड घेतला व त्याचे नाव नबीशाहगड ठेवले. पुढच्याच महिन्यात त्याची माणसे रात्री दोर लावून तोरण्यावर चढली. त्या गडास अदृष्टातून आलेला जय अशा अर्थाचे फारसी वळणाचे नाव मिळाले. दोन्ही नावे बादशहामागे टिकली नाहीत. परंतु नवल याचे, की खुद्द महाराजांनी तोरण्यास दिलेले 'प्रचंडगड' हे भारदस्त नावही कागदातच राहिले. लोकांच्या जिभेवर तोरणाच.

का, हे आम्ही वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असू : तोरण म्हणजे महाद्वाराची कमान, स्वराज्याच्या द्वारी बांधलेले तोरण तो तोरणा. मुले माना डोलवीत, आणि आम्हांसही आपल्या व्युत्पत्तीचे कौतुक वाटे.

गेल्या वैशाखात वेल्ह्याच्या वाटेवर एक म्हातारी पानाच्या द्रोणात पांढरी, टपोरी रानफळे घेऊन बसली होती. आम्ही सहज विचारले, "आजी, काय देता?" ती म्हणाली, "तोरनं हायती, गुरुजी. ह्या गडावर लई. म्हून तर तोरना!" ते फळ आम्ही बालपणी ओंजळींनी खाल्ले आहे, काट्यांनी हात ओरबाडून घेतले आहेत. पण वर्गाची पायरी चढताना ते झुडूप आम्ही बाहेरच ठेविले होते. पुढे चार पुस्तके चाळली, तो गडावरील तोरणाच्या झाडीवरून हे नाव पडल्याचे त्यांतही लिहिलेले. कमानीस आधार म्हणून आमच्यापाशी केवळ शब्दकोश होता.

त्यानंतर नसरापूरच्या बाजारात आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. तोही आता शिक्षक आहे. आम्ही आमची चूक त्यास सांगितली. तो कानकोंडा होऊन म्हणाला, "गुरुजी, मी तर सतरा वर्षे मुलांना तुमची कमानच शिकवतो आहे." आम्ही निरुत्तर झालो. येत्या वैशाखात त्याने आपला वर्ग वेल्ह्यास आणावा, असे ठरले आहे. आम्ही पायथ्याशीच बसू, द्रोण घेऊन.