भिडेपायी

संगमनेर

चि. बाळास,


फोनवर तू "हो ताई, बघू" म्हणतोस आणि विषय पावसापाण्यावर नेतोस, म्हणून कागद घेऊन बसले. आधी एकट्याने वाच, मग तुझ्या बायकोला वाचायला दे. आईला दाखवायचं की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवा.

आई आठवडाभर माझ्याकडे राहून गेली. निघताना हळूच म्हणाली, राहुरीकडचं एक स्थळ आहे, मुलगी गरिबाघरची आहे, फार चौकशी करणार नाहीत. मी विचारलं, "बाळ काय म्हणाला?" तर म्हणाली, "तो काही बोलला नाही." आईच्या बोलण्याचं मला फार लागलं नाही. तिच्या पिढीत सुनेची कूस उजवली नाही तर दुसरी करायची, एवढाच उपाय लोकांना ठाऊक होता. मला लागलं ते तुझं न बोलणं. तू खाली मान घालून जेवत राहिलास आणि पोळ्या लाटणाऱ्या तुझ्या बायकोने ते सगळं ऐकलं. मुंबई प्रांतात १९४६ सालापासून आणि देशभर १९५५ पासून हिंदू पुरुषाला पहिली बायको असताना दुसरी करता येत नाही, एवढं तरी तुला आईला सांगता आलं असतं. पण कायद्याचं नाव घ्यायची गरजच का पडावी? "आई, हा विषय या घरात पुन्हा काढू नकोस," एवढं एक वाक्य पुरलं असतं.

तुला एक गोष्ट माहीत नसेल, कारण तू तेव्हा मांडवात पुरुषांत बसला होतास. मामेबहिणीच्या मुलाचं बारसं होतं. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" सुरू झालं. पाळण्याच्या एका अंगाला मी होते, दुसऱ्या अंगाला तुझी बायको. बाळ तिच्या हातात जाणार, एवढ्यात कुणीतरी तिच्या दंडाला धरून म्हणालं, "तू जरा घुगऱ्यांचं बघ बाई." ती लगेच गेली. मी मागोमाग आत गेले. ती पातेल्यातून घुगऱ्या काढत होती, प्रत्येक द्रोणात सारख्या, एकही दाणा खाली न सांडता. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला बघून म्हणाली, "ताई, खोबरं वरून घालू की कालवू?" रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. तिला असं बाजूला केलं जाण्याची सवय झाली आहे, हे मला सहन झालं नाही.

आता तपासणीचं. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली. मूल होत नाही म्हणून जोडपं आलं की बाई आत यायची आणि नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून राहायचा. बाईचं रक्त तपासून व्हायचं, सोनोग्राफी व्हायची, नळ्यांत औषध सोडून एक्स-रे व्हायचा. त्या एक्स-रेच्या वेळी टेबलाची कड धरून बायका कशा कळ सोसतात, ते मी पाहिलं आहे. तुझ्या बायकोचंही हे सगळं करून झालंय. तिच्या कापडी पिशवीतली फाईल मी पानन् पान वाचली. तीत तुझ्या नावाचा एकही कागद नाही. एवढ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आणि तू दर वेळी वर्कशॉपच्या ऑर्डरची घाई सांगून टाळलंस.

पुरुषाची तपासणी सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत स्वस्त. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, नमुना द्यायचा, तो तासाभरात लॅबमध्ये पोहोचवायचा. सुई नाही, भूल नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी काही ना काही कारण पुरुषाकडे सापडतं, कधी एकट्या त्याच्याकडे, कधी दोघांकडे. त्याचा मर्दपणाशी काडीचा संबंध नाही, हे मी किती जणांना समजावलं असेल! संसार नीट चालू असतो, अंगात ताकद असते, आणि तरी शुक्रजंतू कमी असू शकतात. ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं. वृषणातल्या शिरा फुगलेल्या असतात, कुणाला वयात आल्यावर गालफुगी झालेली असते, कुणाला तंबाखू नडते. तुझ्या शर्टाच्या खिशात माव्याची पुडी असते ती मला ठाऊक आहे, आणि भट्टीसमोर किती वेळ उभा असतोस तेही. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात. म्हणजे आज मावा सुटला तर त्याचा फरक तीन महिन्यांनी दिसेल. एक रिपोर्ट वाईट आला म्हणून खचायचं नसतं, तो पुन्हा करतात. अगदी शून्य आला तरी कित्येकदा अंडकोशातून शुक्रजंतू काढून थेट बीजांडात सोडता येतो. शुक्रजंतू असा थेट बीजांडात सोडून १९९२ सालापासून मुलं जन्माला येताहेत. आपल्या मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली त्यालाही, १९८६ धरून, किती वर्षं झाली बघ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की जगात दर सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हे दुखणं येतं. तुमच्या एमआयडीसीच्या गेटवर सकाळी जेवढी माणसं शिरतात त्यांत किती निघतील याचा विचार कर. कुणी बोलत नाही, एवढंच.

तुला जोतीराव-सावित्रीबाईंची आठवण करून द्यायची आहे. शाळेत आपण १८४८ची मुलींची शाळा शिकलो आणि थांबलो. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते तुझ्याच नगरात, मिस फॅरारबाईंच्या संस्थेत. त्या दोघांना मूल झालं नाही. घरच्यांनी जोतीरावांमागे दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला. चरित्रांत त्यांचं उत्तर सांगितलंय: मूल होत नाही म्हणून बायकोलाच दोषी का धरायचं, दोष नवऱ्याचा असेल तर तिने दुसरा नवरा केला तर चालेल का? पुढे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'तही पुरुषांच्या अनेक लग्नांवर त्यांनी हाच प्रश्न उलटा करून विचारला. त्या काळी वीर्यतपासणी नव्हती, कागद नव्हता. तरी त्यांनी बायकोच्या बाजूने तोंड उघडलं, तेही घरच्यांसमोर. १८७४च्या सुमारास काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी पदरी घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात त्याच्याच दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या.

आणि जोतीरावही धंदेवाईकच होते रे. बांधकामाची कंत्राटं घ्यायचे, धातू ओतण्याचं साहित्य विकायचे. शेवटी अर्धांगाने उजवा हात गेला, पैशाची ओढ लागली, मामा परमानंदांना १८९० मध्ये त्यांच्यासाठी सयाजीरावांना पत्र लिहावं लागलं. सावित्रीबाईंनी नवऱ्याला लिहिलेली तीन पत्रं आज छापील मिळतात, १८५६, १८६८ आणि १८७७ची. त्यांत मुलाचं रडगाणं नाही. माहेरच्या भावाशी झालेला वाद आहे, जमावाच्या हातून वाचवलेलं एक जोडपं आहे, दुष्काळातली अन्नछत्रं आहेत. दिवसभरात काय घडलं ते एकमेकांना सांगणारी ती माणसं होती. तू वर्कशॉपमधून येतोस, हात धुतोस, टीव्ही लावतोस. मशीन गहाण पडलंय हे तुझ्या बायकोला पतसंस्थेच्या नोटिशीवरून कळलं.

म्हणून धंद्याचंही लिहिते. नाना लुनाच्या कारखान्यात टर्नर होते, लेथवरच आपलं घर चाललं, तेव्हा मला त्यातलं थोडंफार कळतं. तुझी चूक कामात नाही. तुझा जॉब मापात असतो, रिजेक्शन येत नाही. तुझं काम एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर अडकलंय, आणि ते बिलं चार-चार महिने ठेवतं. पगार, लाइटबिल, स्टीलवाल्याची उधारी थांबत नाही, मग तू तिचं सोनं ठेवतोस. भीड भिकेची बहीण, असं नाना म्हणायचे. २००६च्या कायद्याने तुझ्यासारख्या लघुउद्योजकाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत चुकतं करायला हवं, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. २०२४ पासून तर मुदत उलटून वर्षअखेरही थकलेली रक्कम गिऱ्हाइकाला त्या वर्षीच्या खर्चातही धरता येत नाही, म्हणजे मार्चअखेर त्यांच्याच अकाउंटवाल्याला घाई असते. तुझं उद्यम रजिस्ट्रेशन आहे ना? ते बिलावर छाप. सरकारी पोर्टलवर लगेच तक्रार कर असं मी म्हणत नाही, काम जाण्याची भीती खरी आहे. पण थकलेल्या बिलांची यादी करून लेखी मागणी तरी कर, आणि ती तारखेनिशी. दुसरीकडे काम शोध. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की उन्हाळाभर मशिनरी उघडतात. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही. शाफ्ट, बुश, पिना लागतातच. रोख मिळेल असं नाही, पण सगळं एकाच दाराशी अडकणार नाही.

टेस्ट ट्यूब बेबीसाठी मीटरच्या व्याजाने पैसे काढू नकोस. आईने कुणाकडे तरी शब्द टाकलाय असं कळलं, म्हणून स्पष्ट लिहिते. एका वेळेचा खर्च दीड-दोन लाखांच्या घरात जातो, यश येईलच असं नसतं, आणि बाईचं वय वाढतं तसं ते कमी होतं. तुझी तपासणी न करता तो खर्च करणं म्हणजे माप न घेता जॉब चकवर चढवणं.

उपचारांतून काही निघालं नाही आणि दोघांच्या मनाने घेतलं, तर दत्तकाचा रस्ता आहे. नगरमध्येच स्नेहालयाचं स्नेहांकुर केंद्र आहे. नोंदणी केंद्र सरकारच्या 'कारा'च्या पोर्टलवर होते, लग्नाला दोन वर्षं झालेली लागतात, आणि दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं तर दोघांच्या वयांची बेरीज ८५च्या आत लागते. २०२२ पासून आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारीच देतात. रांग लांब असते, काही वर्षं जातात. तिला विचारल्याशिवाय मात्र याचा शब्दही काढू नकोस. तिला मूलच नको, असंही ती म्हणू शकते. तेही ऐकून घे.

मोहट्याच्या देवीला नवस बोललाय म्हणे आईने. बोलू दे, तिचं मन त्यात आहे. फक्त तुझी बायको अनवाणी चालत जाणार असेल तर तूही तिच्या शेजारी चाल.

पुढच्या रविवारी मी येते. तोवर तुझी तपासणी झालेली हवी. रिपोर्ट माझ्याआधी तिच्या हातात दे, आणि आईला स्थळाचं नाही म्हणून तूच सांग. मी सांगणार नाही. थकलेली बिलं काढून ठेव, मागणीची पत्रं आपण तिघं बसून लिहू. तिचं अक्षर आपल्या दोघांपेक्षा चांगलं आहे आणि हिशेबही.

तुझी,
ताई