पाव इंचाचे आटे

भाताला लोंब्या आल्या की माझ्या बाकावर ठासणीच्या बंदुका दुरुस्तीला येऊ लागतात. पालघर-मनोर रस्त्यावर मासवणच्या आसपास, सूर्या नदीच्या दोन्ही अंगांना खाचरं पिवळी पडू लागतात आणि रात्री रानडुकरं उतरतात. डुक्कर खातं थोडं आणि लोळवतं जास्त. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत आडवी होते. म्हणून शेतकरी माळ्यावर राखण करतो आणि मधूनमधून हवेत एक बार काढतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे, ती याच शेतकऱ्यासाठी. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीशिवाय जनावरावर बार टाकता येत नाही. त्यामुळे या बंदुकीचं खरं काम आवाजाचं. पण आवाजसुद्धा वेळेवर झाला पाहिजे.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मासवणचे एक बाबा गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन आले. परवान्याची वही प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोरा बांधलेला. म्हणाले, "मिस्त्री, पहिल्या घोड्याला नाय फुटत. दुसऱ्याला फुटते."

बंदूक हातात आली की मी आधी गज नळीत सोडतो. रिकाम्या नळीत तो खणकन तळाला लागतो. आत बार असेल तर आवाज बसका येतो आणि गज वर उरतो. ठासणीची बंदूक पाहून रिकामी आहे की भरलेली ते कळत नाही, आणि मालक "रिकामी आहे" म्हणाला तरी मी गज सोडतोच. ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो, त्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच.

नळी रिकामी होती. मग निपल पाहिलं.

निपल म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला आट्यांनी बसवलेली, आरपार छिद्र असलेली पोलादी बोंडी. तिच्या डोक्यावर तांब्याची छोटी टोपी बसते, ती केप. घोडा आदळला की केपेतला स्फोटक थर पेटतो आणि ज्योत छिद्रातून दारूपर्यंत पोचते. केप फुटली पण ज्योत पोचली नाही, किंवा ओल्या दारूने नुसतीच फुस्स केलं, की तो फुसका बार. बोलताना हा शब्द आपण सहज वापरतो. माळ्यावर अंधारात बसलेल्या माणसाला तो फार जवळून माहीत असतो.

केपेआधी तोड्याची बंदूक होती. रंजकाची बारीक दारू ओतायची, जळत्या वातीची जामगी टेकवायची. पाऊस आला की सगळं थंड. पुढे चकमक आली, पण तिचा भडका आधी दिसे आणि बार मागून होई. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्सिथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता, आणि त्या भडक्याने पक्षी सावध होऊन उडत. त्यांनी ठोक्याने पेटणारं रसायन वापरून नवा चाप बनवला आणि 1807 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्या रसायनाची तांब्याची टोपी झाली. 1857 म्हटलं की आपल्याला एनफिल्डच्या काडतुसाची चरबी आठवते. त्याच रायफलच्या पाठीवर निपल होतं आणि शिपाई त्यावर केप चढवत होता, हे सहसा कोणी सांगत नाही. कोकणातल्या ठासणीच्या बंदुका त्याच वंशातल्या.

बाबांच्या बंदुकीवरची केप अर्ध्यावरच अडकत होती. पहिला घोडा तिला नुसती खाली बसवी आणि दुसरा फोडी. निपलचा माथा वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी पसरून फुगला होता. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलिसांकडे जमा झाली, ओल्या हवेत पडून राहिली, त्यात गंज चढला. आता निपल बदलणं आलं. मी रॉकेलचे थेंब सोडून रात्रभर मुरू द्यायच्या तयारीत होतो, पण पाना लावताच ते सहज फिरलं. गंजलेलं निपल सहज फिरतं तेव्हा मला आनंद होत नाही, भीती वाटते.

बाहेर आलं तर आट्यांभोवती पांढरी टेप गुंडाळलेली. नळाच्या जोडाला लावतात तीच.

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर म्हणून उमेदवारी केलेली आहे; आटे हा माझा पहिला धडा. बंदुकीचं भोक पाव इंचाचं, म्हणजे 6.35 मिलिमीटर, दर इंचाला 28 आटे. कोणीतरी त्यात सहा मिलिमीटरचं निपल बसवलं होतं. फरक 0.35 मिलिमीटरचा. आट्याची टोकं तेवढी टेकलेली आणि मधली पोकळी टेपने भरलेली. प्रत्येक बाराला दारूचा दाब मागे या निपलवरही येतो. त्याला धरून ठेवतात ते फक्त आटे, आणि त्यांच्यामागे वीतभर अंतरावर नेम धरणाऱ्याचा डोळा असतो. बाबांना मी ते निपल भोकात घालून बोटाने हलवून दाखवलं. ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले.

"चालून जाईल" हा शब्द या धंद्यात मला सहन होत नाही. बंदूक जुनी आहे, मालक गरीब आहे, बार फक्त हवेत काढायचा आहे, ही सगळी कारणं खरी आहेत. पण दारूला ती कळत नाहीत.

निपलची हीच गोष्ट सहापट होऊन समोर आली होती ती पूर्वी, उस्तादांच्या हाताखाली असताना. एका घराण्याचं, परवान्यावर नोंदलेलं, कोल्टच्या धर्तीचं सहाबारी रिव्हॉल्व्हर दुरुस्तीला आलं होतं. पाचर ठोकून काढली, नळी पुढे ओढली, चक्र हातात आलं. चक्राच्या पाठीवर सहा खाचा आणि प्रत्येक खाचेत एक निपल. तक्रार अशी, की दोन-तीन बारांनंतर चक्र फिरायचं थांबतं. उस्तादांनी निपलची छिद्रं दिव्यासमोर धरली. झिजून ती मोठी झाली होती. छिद्र मोठं झालं की बाराचा झोत मागे येतो, घोड्याला उचलतो, फुटलेल्या केपेच्या चिंध्या होतात आणि त्या घोड्याच्या खाचेत पडून यंत्र अडवतात. जुने नेमबाज घोडा चढवताना नळी आभाळाकडे करत, ते हे तुकडे मागे गळून पडावेत म्हणून.

उस्तादांनी सहाच्या सहा निपल बदलली. एक नवं आणि पाच जुनी ठेवली तर घोडा प्रत्येकावर वेगळा बसतो. प्रत्येक निपल स्वच्छ आट्यांत, ग्रीसचं बोट लावून, हाताला विरोध जाणवेपर्यंतच आवळलं. जोर केला नाही. मग घोडा खाली सोडून निपल आणि घोडा यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी सरकवली. सहाही ठिकाणी ती अलगद निघाली. रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याने केप फोडायची, पोलादावर पोलाद आपटायचं नाही. नाहीतर निपलचा माथा पुन्हा पसरतो.

केपेचंही तसंच. डबीवर दहा किंवा अकरा नंबर असतो, पण दोन कारखान्यांची अकरा नंबरची केप एकाच निपलवर सारखी बसेल असं नाही. अंगठ्याच्या दाबाने, नाहीतर लाकडी काडीने ती तळापर्यंत बसली पाहिजे आणि उलटं धरलं तरी पडता कामा नये. सैल केप चिमटीत दाबून बसवणारे पुष्कळ आहेत. ती एक रात्र निभावते, पण रिव्हॉल्व्हरच्या धक्क्याने शेजारची केप गळू शकते. घट्ट केप घोड्याने दाबून बसवणं तर सरळ अपघाताला बोलावणं. केप निपलला जुळत नसेल तर निपल बदला किंवा केप बदला. तिसरा मार्ग नाही.

बाबांच्या बंदुकीचे आटे सुदैवाने शाबूत होते. पाव इंचाचं निपल बसवलं, नळी गरम पाण्याने धुऊन तेल दिलं. जळलेल्या दारूची राख ओल ओढते. आपल्या किनाऱ्यालगतच्या हवेत नळी रात्रभरात गंज धरते.

शेवटी बंदूक न भरता नुसती केप चढवली. अंगणात सागाचं वाळकं पान ठेवलं, नळीचं तोंड त्याच्यावर धरलं आणि बाबांना म्हटलं, "ओढा चाप." पहिल्याच घोड्याला केप फुटली आणि पान उडून हातभर लांब गेलं. वाट मोकळी होती. बाबांनी टेप गुंडाळलेलं जुनं निपल मागून घेतलं, परवान्याच्या पिशवीत टाकलं आणि म्हणाले, "पोराला दाखवतो."