निळी की पांढरी?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. देवबागच्या किनाऱ्यावरील एका घरात तीन दिवसांपासून बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण जमिनीचे नव्हते, पैशाचेही नव्हते. भांडण होते दोन होड्यांचे.

दोन्ही होड्या फायबरच्या, दोन्ही अठरा फुटांच्या आसपास आणि दोन्ही जुन्या. मागे आउटबोर्ड मशीन लावून चालणाऱ्या. एक निळी होती, तीन वर्षांची, आरशासारखी चकाकणारी. तिची नाळ उंच, तळ खोल व्ही आकाराचा आणि मशीन चाळीस हॉर्सपॉवरचे, टू स्ट्रोक. दुसरी पांढरी, नऊ वर्षांची. तिचा रंग खडूसारखा उडालेला, तळ जवळजवळ सपाट, अंग रुंद आणि मशीन पंधरा हॉर्सपॉवरचे, फोर स्ट्रोक. निळी पांढरीपेक्षा सव्वा लाखाने महाग होती.

मुलगा सत्तावीस वर्षांचा. सहा वर्षे तो दुसऱ्याच्या होडीवर राबला होता. पहाटे जाळी टाकायची आणि पर्यटकांच्या हंगामात मालकाच्या परवान्यावर लोकांना संगम आणि डॉल्फिन दाखवायचे, हे त्याचे काम. आता स्वतःची होडी झाली नाही, तर गोव्यात हॉटेलात नोकरी धरायची, असे त्याने घरात सांगून टाकले होते. म्हणून आईने बांगड्या आणि सुनेने माहेरचा हार सोसायटीत गहाण ठेवला होता. त्या पैशांत एकच होडी येणार होती आणि निवड चुकली, तर सोने सोडवणे कठीण होते.

मुलाचे मन निळीवर बसले होते. ‘‘गिऱ्हाईक आधी होडी बघतं, मग भाडं विचारतं,’’ असे तो म्हणे. त्यात खोटे काही नव्हते.

वडील निळीभोवती एकदा फिरले आणि एवढेच म्हणाले, ‘‘दर्याक रंग दिसना नाय रे झिला.’’

त्यांच्या या हट्टामागे चौदा वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ होती. ओहोटीच्या वेळी ते धाकट्या भावासह कर्ली नदीच्या मुखातून आत येत होते. नदीचे पाणी बाहेर ओढत असते आणि समुद्राची लाट आत येत असते, तेव्हा मुखाशी लाटा उभ्या राहतात. मागून आलेली अशीच एक लाट होडीच्या बुटक्या मागच्या फळीवरून आत शिरली आणि मशीन बंद पडले. जाळी गेली, मासळी गेली. दोन वल्ह्यांच्या जोरावर दोघे भाऊ कसेबसे वाळूला लागले. तेव्हा तेरा वर्षांचा असलेला हाच मुलगा किनाऱ्यावर उभा होता. त्या दिवसापासून वडील कोणतीही होडी आधी मागून बघत.

खरे तर सपाट तळ चांगला की व्ही तळ, हा वाद देवबागचा नाही, तो जगभरचा आहे. ओल एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिराने १९०९ मध्ये आपली आउटबोर्ड मशीन विकायला काढली आणि लहान होडी वल्ह्यांपासून मोकळी झाली. पुढे वेग वाढला, तसा तळाचा प्रश्न आला. रेमंड हंट नावाच्या अमेरिकन रचनाकाराने खोल व्ही तळाची रचना केली. त्या रचनेची ‘मोपी’ ही बोट १९६० मध्ये मायामी ते नासाउ शर्यतीत खवळलेल्या समुद्रातून पहिली आली. पण गंमत अशी की, १९५८ मध्ये बाजारात आलेली ‘बोस्टन व्हेलर’ ही तेरा फुटी, चौकोनी नाळेची, उथळ पाण्यात स्थिर राहणारी फायबरची होडीही त्याच हंटच्या हातची! एकाच माणसाने दोन प्रकारचे तळ केले, कारण कामे दोन प्रकारची होती.

शेवटी सुनेनेच तोडगा काढला. सासऱ्यांपुढे चहा ठेवत ती म्हणाली, ‘‘बाबा, दोन्ही होड्या एक दिवस चालवून बघूया. उद्या विचारलं तर दोन्ही मालक नाही म्हणणार नाहीत. १ जूनला बंदी लागली, की मग कोण चालवायला देणार?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे किनाऱ्यावर गेले. आधी होड्या कोरड्या वाळूवर तपासल्या. फायबर म्हणजे काचेच्या तंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून साच्यात बसवलेले असतात. वरचा चकाकता थर वेगळा असतो. फायबर कुजत नाही, पण मशीन जिथे अडकवतात त्या मागच्या फळीच्या पोटात बहुधा प्लायवूड असते. बोल्टाच्या भोकातून पाणी झिरपले, की ते आतल्या आत कुजते आणि वरून काही कळत नाही.

वडिलांनी खिशातले नाणे काढून पांढरीच्या मागच्या फळीवर वाजवले. टण् टण् असा आवाज आला. तळाला दोन-चार ठिकाणी फोड दिसले, पण ते वरच्या थराचे होते. घासून, वाळवून पुन्हा थर देता येण्यासारखे. मग त्यांनी निळीवर नाणे वाजवले. वरच्या बाजूला टण् टण् आणि बोल्टांच्या जवळ मात्र भद् भद्. त्यांनी मशीनचा खालचा पाय धरून दाबला. फळी बोटभर हलली. कोपऱ्यात केसासारख्या बारीक चिरा होत्या.

‘‘सगळ्यांच्याच हलतात,’’ मालक म्हणाला.

मुलगा काही बोलला नाही. पण त्याने स्वतः पुढे होऊन पुन्हा एकदा पाय दाबून पाहिला.

मग दोन्ही होड्या पाण्यात गेल्या. सहा पर्यटकांचे वजन म्हणून पन्नास किलोची आठ पोती वाळू भरून ठेवली होती. रिकाम्या होडीची चाचणी ही चाचणीच नव्हे, हे वडिलांचे म्हणणे मुलालाही पटले होते. खाडीच्या शांत पाण्यात निळी पोत्यांसकट भरकन उठली. पांढरी संथ चालली, पण चालली. नंतर होडी उभी करून तिघे एका बाजूला जाऊन उभे राहिले. ‘डॉल्फिन!’ अशी एक हाक आली, की सगळे पर्यटक एकाच कडेला धावतात, हे मुलाला अनुभवाने ठाऊक होते. निळी चटकन कलली आणि सून कठडा घट्ट धरून बसली. पांढरी मात्र जेमतेम झुकली.

इथवर वडिलांची सरशी होती. पण दुपारी खारे वारे सुटल्यावर ते मुखाबाहेर गेले, तेव्हा चित्र पालटले. पांढरीचा सपाट तळ प्रत्येक लाटेवर धाडकन आपटू लागला. तिघेही भिजले. वडिलांच्या कमरेत चमक भरली. निळीने मात्र त्याच लाटा सुरीने कापाव्यात तशा कापल्या.

किनाऱ्याला लागल्यावर वडील कमरेवर हात ठेवून म्हणाले, ‘‘भायरच्या पाण्याक निळीच बरी. ह्या माझा चुकला.’’ तीन दिवसांतले मुलाशी बोललेले ते पहिले वाक्य होते.

त्या रात्री सुनेने आपली वही काढली. नवऱ्याची रोजची कमाई ती तारखेनिशी लिहून ठेवत असे. मागच्या हंगामात तो दोनशे दहा दिवस पाण्यात गेला होता. त्यांतले दुपारनंतर मुखाबाहेर गेलेले दिवस तिने मोजले. ते एकोणीस भरले!

‘‘एकोणीस दिवसांसाठी होडी घ्यायची, की उरलेल्या एकशे एक्याण्णव दिवसांसाठी?’’ तिने विचारले.

मग पेट्रोलचा हिशेब झाला. चाळीस हॉर्सपॉवरचे टू स्ट्रोक मशीन पूर्ण जोरात चालवले, तर तासाला पंधरा लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. शिवाय पन्नास लिटरमागे एक लिटर ऑइल. पंधरा हॉर्सपॉवरच्या फोर स्ट्रोकला पाच-सहा लिटर पुरते आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नाही. निळीची मागची फळी उघडून आतले प्लायवूड बदलायचे, तर पावसाळ्यातल्या ओल्या हवेत फायबरचे काम नीट वाळणारही नव्हते. आणि पर्यटक न्यायचे, तर मासेमारीच्या नोंदणीवर भागत नाही. प्रवासी परवाना वेगळा आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेटही हवे. पांढरीच्या किमतीतून वाचलेले सव्वा लाख तिथेच लागणार होते.

मुलगा बराच वेळ वहीकडे पाहत बसला. त्याला पटले होते, पण मन नाराज होते. ते वडिलांनी ओळखले.

‘‘पांढरी घेऊ,’’ ते म्हणाले. ‘‘पण अट एक. वारा सुटल्यावर पर्यटक घेऊन मुखाबाहेर जायचं नाही. आणि होडी तू चालवायचीस. मी मध्ये बोलणार नाही.’’

चाळीस वर्षे सुकाणू धरलेल्या माणसाने हे म्हणणे सोपे नव्हते. आतल्या खोलीत आईने डोळ्याला पदर लावला. बांगड्या गहाण ठेवताना मात्र ती रडली नव्हती.

निवड करताना आपण बहुधा विचारतो, ‘चांगली कोणती?’ त्या घराला उत्तर मिळाले ते ‘काम कोणते?’ असे विचारल्यावर. निळी वाईट नव्हती. फळी दुरुस्त करून ती रोज खोल पाण्यात जाणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडली असती.

नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर गर्दी होती. दर्याला नारळ अर्पण करून वडील होडीपाशी आले. तळाचे फोड घासून गेले होते आणि अंगावर नवा पांढरा थर चढला होता. कठड्याखाली नाळेपासून मागच्या फळीपर्यंत बोटभर रुंदीची निळी रेघ ओढलेली होती.

वडिलांनी ती पाहिली. शब्द दिला होता, म्हणून त्यावर ते काही बोलले नाहीत. होडी पाण्यात ढकलताना त्यांनी फक्त एकच विचारले, ‘‘वल्ही घेतलंस मां?’’

मुलाने हसून होडीच्या तळाशी बोट दाखवले. दोन्ही वल्ही तिथे बांधून ठेवलेली होती.