अहवालावरील आकडा

दारव्ह्याला आमचे कापडाचे दुकान आहे. आकडा दिसला की तो जमेचा की नावेचा, एवढेच विचारण्याची मला सवय. परंतु या उन्हाळ्यात यवतमाळहून धाकट्या कन्येचा रक्ताचा अहवाल आला, तेव्हा त्यावरील ४ हा आकडा कोणत्या बाजूस मांडावा, हे उमगेना.

कन्या परिचारिकेचे शिक्षण घेते. लवकरच डायलिसिस कक्षात काम करावयाचे, म्हणून तिने हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या लसीचे तीनही डोस घेतले होते. ही लस राष्ट्रीय लसीकरणात देशभर आली २०११ मध्ये. तिचा जन्म त्याआधीचा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडे मोजतात. मिलिलिटरमागे १० मिलि-इंटरनॅशनल युनिट भरली, तर संरक्षण आले असे मानतात. तिची भरली ४.

"बाबा, तीनदा सुई टोचून घेतली ती फुकटच का हो?" तिने विचारले. मजजवळ उत्तर नव्हते.

डॉक्टरांनी आणखी एक तपासणी सांगितली. विषाणू आधीच शरीरात ठाण मांडून असेल, तर लसीने प्रतिपिंडे तयार होत नाहीत. म्हणून विषाणूच्या आवरणाचा अंश रक्तात आहे का, ते पाहतात. हाच अंश बारूख ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात सापडला होता. १९७६ साली त्यांना नोबेल मिळाले. त्या दोन दिवसांत मी घरात कोणाशी बोललो नाही. मुलीच्या प्रकृतीआधी तिच्या स्थळाचा विचार मनात आला, हे लिहिताना आज लाज वाटते.

रक्त निर्दोष निघाले. काही निरोगी माणसांत पहिल्या तीन डोसांनी पुरेशी प्रतिपिंडे तयार होतच नाहीत, त्यात तिचा दोष नाही, असे डॉक्टर म्हणाले. मला कोविडचे दिवस आठवले. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने 'कोविड कवच' चाचणी तयार केली, तेव्हा नावामुळे मी तिला संरक्षणाचा दाखलाच समजलो होतो. वास्तविक ती संसर्ग होऊन गेला का, एवढेच सांगे. येथे मात्र १० ची रेषा ठरलेली आहे.

आता पुन्हा तीन डोस, पुन्हा मोजणी. तोवर दूषित सुई टोचलीच, तर शक्यतो चोवीस तासांत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन घ्यावयाचे, हे तिला तोंडपाठ आहे. पुढील डोसची तारीख मी दुकानाच्या वहीत लिहिली आहे. या वेळी तिच्या आईलाही आधीच सांगितले.