व्यवसायाचा रकाना

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात मिडल नावाचे एक छोटे पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारे गाव आणि त्याच्या वाड्यावस्त्या. जन्म, लग्न, मरण, गरिबांसाठीची पट्टी, सारे त्याच हद्दीत मोजले जाई. १७०१ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, रिचर्ड गॉफ या तिथल्या जमीनदाराने आपल्या चर्चमधल्या बाकांचा नकाशा काढला आणि एकेका बाकावर कोणत्या घराचा हक्क आहे, त्या घरात कोण कोण होऊन गेले, हे लिहायला घेतले. बाक माणसाचा नसे, घराचा असे. त्यामुळे बाकावरून घर, घरावरून पिढ्या आणि पिढ्यांवरून भानगडी, असे ते पुस्तक पुढे सरकते. दारूपायी गुरेढोरे गमावलेले जोडपे त्यात आहे, चोर आहेत, आणि यादवी युद्धात मिडल व शेजारच्या दोन वस्त्यांमधून गेलेल्या वीस जणांपैकी तेरा परतले नाहीत, ही नोंदही आहे. पुस्तक छापले गेले ते थेट १८३४ मध्ये. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्र्यांना ‘गावगाडा’ (१९१५) लिहिताना गाव वतनांतून आणि बलुत्यांतून दिसले. गॉफला ते बाकांवरून दिसले. दोघांचीही नजर करडी आहे. मला मात्र गॉफ अधिक गप्पिष्ट वाटतो आणि म्हणून अधिक विश्वासू.

पण ज्यांना घरच नाही त्यांचे काय? झोपडीवाल्यांसाठी बाक होते, तेही गॉफच्या नकाशात आहेत. निराधार परगावकरी मात्र पुस्तकाच्या अखेरीस येतात, एका वेगळ्याच प्रकरणात. या किंवा त्या गरिबाला पोसायचे कोणी, यावरून शेजारच्या पॅरिशांशी झालेल्या तंट्यांचे ते प्रकरण आहे. तिथे माणसे खर्चाची बाब म्हणून येतात. पहिल्या वाचनात मी ती पाने भराभर उलटली होती. दुसऱ्यांदा वाचली ती माझ्या विहीणबाईंमुळे.

विहीणबाईंचे घराणे याच परिसरातले. गावाचे नाव सांगत नाही, त्यांचे नातलग अजून तिथे राहतात. पाच पिढ्या लोहारकाम आणि बापाकडून मुलाकडे आलेले एकच आडनाव, याचा त्या घराला साधा पण पक्का अभिमान आहे. आमच्या नातीसाठी वंशवृक्ष करायचे ठरले तेव्हा त्यांनी मला मदतीला घेतले. मोडी वाचणाऱ्या बाईला कुठलेही अक्षर जड जाऊ नये, असा त्यांचा समज. मीही उत्साहाने गेले. श्रूझबरीच्या अभिलेखागारात पेन्सिल घेऊन बसण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात बसण्यासारखेच सुख आहे, फक्त थंडी जास्त.

साधने मुबलक आहेत. १५३८ साली टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही सुरू झाली. १५९८ पासून त्या नोंदींची नक्कल दरवर्षी बिशपकडे जाऊ लागली. त्यामुळे मूळ वही कसरीने खाल्ली तरी कधीकधी नक्कल हाती लागते. १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला लागे, म्हणून त्याआधीच्या वहीत जानेवारीची नोंद त्याच सालाच्या डिसेंबरनंतर येते. एकदा हे समजले की पुढे अडत नाही.

शोध नेहमी अलीकडून पलीकडे करायचा असतो. १८४०च्या दशकातली एका लोहाराची विवाहनोंद आमच्यासमोर आली. १८३७ पासूनच्या विवाहनोंदीत वधूवरांच्या वडिलांचे नाव आणि व्यवसाय यांसाठी रकाने असत. आईसाठी रकानाच नव्हता. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो मिळायला मे २०२१ उजाडावा लागला. (आपल्या कुलवृत्तान्तांनी लेकींचे काय केले ते आठवून मी गप्प राहिले.) या लोहाराच्या वडिलांच्या जागी मात्र एक आडवी रेघ होती.

रेघेचा माग काढत आम्ही वीस-बावीस वर्षे मागे गेलो. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या वह्या छापील झाल्या होत्या: मुलाचे नाव, आईवडिलांची नावे, ठिकाण, वडिलांचा हुद्दा किंवा व्यवसाय. पानावर वरून खाली मजूर, मजूर, चांभार, शेतकरी, असे वाचत आले आणि आमच्या लोहाराच्या ओळीत, त्याच रकान्यात, पाद्रीबुवांनी लिहिले होते: ‘अविवाहित स्त्री’. हाच तिचा व्यवसाय! नावाच्या जागी एकटी ती. पाच पिढ्या बापाकडून मुलाकडे आलेले आडनाव मुळात तिचे होते.

गरिबांच्या व्यवस्थेचे कागद पाहिल्यावाचून आता गत्यंतर नव्हते. १६०१च्या कायद्याने गरिबांचा भार पॅरिशवर टाकला आणि १६६२च्या कायद्याने जो ज्या पॅरिशचा रहिवासी ठरेल त्याला तिकडे पाठवण्याची मुभा दिली. अविवाहित नोकराने एका जागी वर्षभर चाकरी केली की त्याला तिथले रहिवासीपण मिळे. म्हणून काही धनी वर्षाला दोनचार दिवस कमी भरतील अशा बेताने नोकर ठेवत. अनौरस मूल जन्मेल त्या गावाचे होई, म्हणून गरोदर मुलीला बाळंतपणाआधी हद्दीबाहेर काढण्याची घाई असे. प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत कोणाला हाकलू नये असे १७९५ मध्ये ठरले, तेव्हाही गरोदर अविवाहित स्त्रीला त्या सवलतीतून वगळले गेले.

अशाच घाईतून घेतलेला तिचा जबाब आम्हांला मिळाला. वय, जन्माचे गाव, कोणाच्या शेतावर किती वर्षे राबली, वर्षाला किती पगार, पुढचा धनी कोण. खाली सहीऐवजी फुली. त्या घराण्यातल्या नंतरच्या कोणाही स्त्रीबद्दल आम्हांला इतके ठाऊक नाही. लग्न होऊन सुखाने नांदती तर ती कुणाच्या तरी ओळीत ‘पत्नी’ म्हणून आली असती आणि संपली असती. गाव तिला पोसायला तयार नव्हते, म्हणून तिचे चरित्र उरले.

अशा जबाबांना हल्ली गरिबांची आत्मकथने म्हटले जाते. मला तो शब्द पटत नाही. त्यातले प्रत्येक वाक्य उत्तर आहे आणि प्रश्न कारकुनाने लिहिलेले नाहीत. ‘ती सांगते की’ या ओळींत ती काय सांगू इच्छित होती याचा पत्ता नाही; काय विचारले गेले एवढेच कळते. वर्गात आपण निवेदक कोण, असे विचारतो, तो प्रश्न इथे फार टोकदार होतो.

त्याच बासनात दुसरा कागद होता: मुलाचा खर्च पॅरिशवर पडणार नाही अशी हमी देणारा करारनामा. त्यात बापाचे नाव होते, स्वच्छ अक्षरात, त्याच्या व्यवसायासह. विहीणबाईंनी तो वाचला आणि परत घडी घातली.

वंशवृक्ष त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. मुळाशी ती मुलगी आहे आणि नावाखाली, जबाबावरून घेतलेला, तिचा व्यवसाय: शेतावरची मोलकरीण. त्या करारातले नाव घालावे, असे माझे म्हणणे होते आणि आहे. कागद सांगतो ते लपवायचे तर मग पाद्रीबुवांना दोष कशाला द्यायचा? त्यांचे उत्तर असे, की तो गावाला पैसे देऊन मोकळा झाला, मुलाला त्याने काही दिले नाही, नावसुद्धा नाही. मग मी त्याला माझा पूर्वज का म्हणू? शिवाय ते नाव तिने आपण होऊन सांगितले की तिच्याकडून वदवून घेतले, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिच्या नावाशेजारी अडीच इंच कागद कोरा आहे आणि नातीने अजून त्याबद्दल विचारलेले नाही.