सहा बॅगा आणि माझी वॅगन-आर

मोपा, पेडणे
श्रावण

प्रिय सुलू,

चवथीला तुम्ही चौघेही येताय हे वाचून बरं वाटलं. विमान मोपालाच उतरणार, तिथून डिचोलीला तुझ्या माहेरी, आणि खाली तुझा प्रश्न: "सहा बॅगा आहेत, तुझ्या गाडीत मावतील ना?" अगं, मावायचं काय! आपल्याकडे गाडीत सगळंच मावतं. दार लागलं की झालं. पण गाडीला झेपेल का, ते डिकीच्या झाकणाला विचारून कळत नाही, त्यासाठी कागद काढून बघावे लागतात.

तर बघितले. माझी वॅगन-आर सीएनजीवरची. रिकामी ९०५ किलो, माणसं-सामान धरून जास्तीत जास्त १३४०. म्हणजे उचलायला ४३५ किलो. तुम्ही चौघे आणि मी, सरासरी सत्तर धरले (तुझी मुलं आता बापाच्या डोक्यावर गेलीत, आणि आपल्या दोघींबद्दल मी बोलत नाही), की ३५० संपले. उरले ८५. तुझ्या बॅगा २३ किलोच्या सहा, म्हणजे १३८. इथेच ५३ किलो वर गेलं, आणि त्यात तुझ्या हातातल्या पिशव्या मी धरलेल्याच नाहीत. शिवाय डिकीत गॅसची टाकी आडवी पडलेली. हीच गाडी नुसत्या पेट्रोलची असती तर नव्वदेक किलो आणखी चाललं असतं. सीएनजी घेताना सगळे किलोला किती किलोमीटर तेवढं विचारतात, हे कोणी विचारत नाही.

खाणी चालू होत्या तेव्हा डिचोलीत आपण खनिजाच्या टिप्परांना किती शिव्या घालायचो, आठवतं? ओव्हरलोड, ओव्हरलोड म्हणून. आणि त्याच संध्याकाळी एका मारुतीत सात जण कोंबून नाटकाला जायचो. टिप्परवाल्याला निदान वजनकाटा दाखवायला लागायचा.

वजन जास्त झालं तर काय होतं ते तुला सांगते, कारण तू म्हणशील, "पाच-पन्नास किलोने काय मोठं बिघडतं?" छोट्या गाडीला पुढची चाकं ओढतात आणि वळवतातही तीच. मागे ओझं पडलं की मागचा भाग बसतो, नाक वर जातं, पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो. कोरड्या रस्त्यावर हे जाणवत नाही. पण भर पावसात मोपाच्या सड्यावरून धारगळकडे उतरताना स्टिअरिंग हलकं हलकं वाटायला लागतं, आणि ते हलकं वाटणं चांगलं नव्हे. ५ जानेवारी २०२३ ला विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून इकडचे रस्ते गुळगुळीत आणि रुंद झाले. त्यावर सगळेच पळवतात. पूर्वी खड्डेच वेग आवरायचे.

नाक वर गेलं की हेडलाइटही वर जातो. समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. त्याला वाटतं आपण हाय बीम लावलाय, तोही चिडून लावतो, आणि दोघेही आंधळे. यावर साधा इलाज गाडीतच असतो. स्टिअरिंगच्या बाजूला शून्यापासून आकडे लिहिलेली एक छोटी चकती असते. मागे भार असेल तर ती फिरवून झोत खाली आणायचा. दहा वर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही मी ती दाखवली आहे. बहुतेकांना तो एसीचा काहीतरी प्रकार वाटत होता.

टपावर कॅरिअर बसवून दोन बॅगा वर टाकू, असं भावोजी म्हणतील. त्यांना नको म्हणून सांग. उंच, अरुंद गाडीच्या डोक्यावर ओझं ठेवलं की वळणावर ती आणखी कलते, आणि अचानक चाक फिरवायची वेळ आली तर सावरणं कठीण. जड ते खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, हलकं त्यावर, आणि सीटच्या पाठीपेक्षा उंच काहीच नाही. मागच्या काचेखालच्या फळीवर छत्रीसुद्धा ठेवू देत नाही मी. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर आतली सुटी दहा किलोची पिशवी सुमारे दोनशे किलोच्या जोराने पुढे येते. पुढे म्हणजे आपल्या मानेवर.

माणसांचंही तेच. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली. केवढी मोठी, महागडी गाडी! मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, ते दोघेही गेले. पुढचे दोघे वाचले. तेव्हा माझ्या गाडीत मागेही पट्टा लागतो. तुझी आई कुरकुरते, "साडी चुरगळते गो." चुरगळू दे.

आणि नारळ! डिचोलीचा बुधवारचा बाजार करून येताना लोक माटोळीचे नारळ सुटेच पायाशी टाकतात. एखादा घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेला की पाय कितीही दाबा, पेडल खाली जात नाही. पाण्याच्या बाटलीचंही तसंच. गोणीत बांधून डिकीत, बस्स.

भार घ्यायचा तर गाडी धड हवी, म्हणून गेल्या आठवड्यात गॅरेजवाल्या मेस्ताकडे नेली. ब्रेक ऑइल बदललं. ते हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे चार महिने ओलीशिवाय दुसरं काय आहे? नवं डॉट-३ ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेलं १४० च्या आसपासच उकळू लागतं. उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल भुसभुशीत. सपाटीवर कळायचंही नाही, पण तुम्हाला चोर्ला घाटातून बेळगावला जायचंय ना? पाच माणसं घेऊन तो घाट उतरताना हेच ऑइल तापतं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहून इंजिनलाच गाडी धरू द्यायची.

पावसात गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवत नाही मी. मागचे ब्रेक गंजून चिकटतात. गिअरमध्ये टाकते आणि चाकाला चिऱ्याचा तुकडा लावते. दारांच्या खाली पाणी निथळायची भोकं असतात, ती तांबड्या मातीने बुजतात, मग दार आतून कुजतं. काडी घालून मोकळी करायची. उंदरांचं मात्र काही जमत नाही. वायरी कुरतडतात ते कुरतडतातच. नॅप्थलीनपासून तंबाखूपर्यंत सगळं करून झालं.

टायरचं मात्र जमतं. किती हवा भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं, रिकाम्या गाडीचं वेगळं, भरलेल्याचं वेगळं. गाडी थंड असतानाच मोजायची. उन्हाळ्यात कमी भरा म्हणणाऱ्यांचं ऐकायचं नाही: कमी हवेचा टायर भाराखाली जास्त दुमडतो, जास्त तापतो, आणि फुटतो तो त्यानेच. नायट्रोजनला पैसे मोजणाऱ्यांची मला गंमत वाटते. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

तर बेत असा. तू, मुलं आणि तीन हलक्या बॅगा माझ्याबरोबर. कोलवाळ, थिवी, अस्नोडा करत डिचोली. भावोजी उरलेल्या तीन जड बॅगा घेऊन विमानतळावरून कदंबाच्या बसने म्हापशाला, तिथे तुझा भाऊ येईल. ते गेले की आमचे सत्तर किलोही सुटतात, हे त्यांना सांगू नकोस.

माझ्यासाठी मेपल सिरपच्या बाटल्या आणू नकोस, जड होतात. आणायचंच असेल तर हवा मोजायचा एक चांगला गेज आण. इथल्या दोन पंपांवरचे काटे एकाच टायरचे दोन वेगळे आकडे सांगतात.

तुझी,
मंदा